तारापूरहून वसईला, दर सेकंदाला वीस लाख

पालघर जिल्ह्याच्या नकाशावर तारापूरच्या अणुवीज केंद्रापासून वसई रोड स्थानकापर्यंत सरळ रेघ मारली, तर ती साधारण ५२ किलोमीटर भरते. विरार थोडे अलीकडे, ४४ किलोमीटरच्या आसपास. वसईचा किल्ला थोडा पलीकडे. एरवी या आकड्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. पण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात जिआंगमेनजवळ डोंगराखाली ७०० मीटर खोल एक प्रयोगशाळा बांधली आहे. तिचे नाव ‘जूनो’. यांगजियांग आणि ताइशान या दोन अणुवीज केंद्रांपासून ती मुद्दाम सारख्याच अंतरावर ठेवली, आणि ते अंतर आहे सुमारे ५२.५ किलोमीटर. अणुभट्टीतून निघालेल्या न्यूट्रिनो नावाच्या कणांचे रूप बदलते. तो बदल त्याच टप्प्यावर सर्वांत ठळक दिसतो. वसई आपसूक त्याच टप्प्यावर वसलेली आहे. तारापूरच्या भट्ट्या चालू असतात तेव्हा हे कण स्टेशनातून, केळीच्या बागांतून, माणसांच्या अंगातून जातात, आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही. कणभौतिकीत कण कोणाच्या अंगणातून जातात याला किंमत नसते, ते पकडणारे यंत्र कोणाकडे आहे याला असते. हे यंत्र, म्हणजे डिटेक्टर, बांधण्याची कला मुंबई परिसराला एके काळी चांगली अवगत होती, आजही ती पुसली गेलेली नाही, पण तिला आपण विज्ञानाच्या घरात दुय्यम जागा दिली. या लेखाचे म्हणणे एवढेच.

आधी हिशेब पाहू. तारापूरला चार भट्ट्या आहेत. पहिल्या दोन १९६९ सालच्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या. तिसरी आणि चौथी भारतीय बनावटीची, प्रत्येकी ५४० मेगावॅटची, चौथी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मितीत उतरलेली. वीज ५४० मेगावॅट असली तरी भट्टीत तयार होणारी उष्णता तिच्या तिपटीहून जास्त असते. युरेनियमचे केंद्रक फुटले की उरलेले तुकडे स्थिर होईपर्यंत सरासरी सहा न्यूट्रिनो (काटेकोर बोलायचे तर प्रतिन्यूट्रिनो) बाहेर पडतात. एक हजार मेगावॅट उष्णता देणाऱ्या भट्टीतून दर सेकंदाला सुमारे दोनावर वीस शून्ये एवढे न्यूट्रिनो निघतात. नव्या दोन भट्ट्या पूर्ण क्षमतेने चालत असतील, तर वसईत प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे दर सेकंदाला त्यातले साधारण २० लाख पोहोचतात. भिंत, डोंगर, शिसे, काँक्रीट काहीच त्यांना अडवत नाही.

आकडा ऐकून दचकायला होते, म्हणून दुसरा आकडा लगेच सांगायला हवा. सूर्यातून येणारे न्यूट्रिनो याच एका चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला साडेसहा हजार कोटी जातात, दिवसा वरून आणि रात्री पृथ्वी भेदून खालून. त्यापुढे तारापूरचे २० लाख म्हणजे काहीच नाही. आणि अपाय करायचा तर कणाने आधी शरीराला धडक तरी द्यायला हवी. वसईत राहणाऱ्या माणसाच्या शरीरात तारापूरच्या न्यूट्रिनोची अशी धडक शंभर वर्षांत सुमारे एकदा होईल. तारापूरविषयी लोकांच्या मनात किरणोत्साराची जी धास्ती आहे ती वेगळ्या गोष्टींची आहे, सिझियम, आयोडिन, ट्रिटियम यांची. त्यांचे मोजमाप वेगळे आणि त्यांचे प्रश्नही वेगळे. न्यूट्रिनोच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी आहे. तो इतका अलिप्त आहे की त्याला धडक द्यायला लावायची कशी, हाच पेच.

वोल्फगांग पाउलीने १९३० मध्ये हा कण कागदावर कल्पिला, तेव्हा तो कधी सापडेल असे त्याला स्वतःलाही वाटत नव्हते. तो सापडला १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या सॅव्हाना रिव्हर इथल्या अणुभट्टीशेजारी, क्लाइड कोवन आणि फ्रेडरिक राइन्स यांना. त्यांची युक्ती आजही वापरात आहे. न्यूट्रिनो चुकून प्रोटॉनवर आदळला, तर एक पॉझिट्रॉन आणि एक न्यूट्रॉन तयार होतो. पॉझिट्रॉन जवळपास तत्काळ नष्ट होताना प्रकाशाची एक चमक देतो. न्यूट्रॉन थोडा भटकतो, सेकंदाच्या लाखाव्या ते दहा हजाराव्या भागानंतर एखाद्या केंद्रकात शोषला जातो, आणि दुसरी चमक देतो. एकाच जागी, ठरावीक अंतराने, दोन चमका: ही सही जुळली तरच न्यूट्रिनो मानायचा. अर्नाळ्याचे, पाचूबंदरचे कोळी ‘डोल’ लावतात तेव्हा ते मासळीच्या मागे धावत नाहीत. खुंटांना बांधलेले जाळे प्रवाहात उभे राहते आणि भरतीओहोटी आपले काम करते. न्यूट्रिनोचा डिटेक्टर असाच प्रवाहात उभा असतो, आणि त्याच्या बाबतीतही खरी मेहनत जाळ्यात आलेला कचरा निवडण्याची असते.

हा कचरा किती, ते पाहिले की डिटेक्टर बांधणाऱ्याच्या कामाची जात कळते. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात आणि त्यातून म्यूऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक. जूनोचा पारदर्शक ॲक्रिलिकचा गोल ३५ मीटर व्यासाचा आहे आणि त्यात २० हजार टन चमकद्रव भरला आहे, कण जाताच उजळणारा. तो वसईच्या मैदानात उघड्यावर ठेवला असता तर त्यातून सेकंदाला दीड लाखाहून जास्त म्यूऑन गेले असते, आणि तारापूरचे पकडता येण्याजोगे न्यूट्रिनो मिळाले असते दिवसाला सहा-सात. सातशे मीटर खडकाखाली तेच म्यूऑन सेकंदाला चार-पाचांवर येतात. त्यानंतरही खडकातला, काचेतला, हवेतला रेडॉनचा किरणोत्सार उरतोच. द्रव शुद्ध करणे, चमक मोजणाऱ्या १७ हजारांहून अधिक मोठ्या नळ्या एकमेकींशी जुळवणे, प्रत्येक चमकेची वेळ आणि ताकद नोंदवणे यातच या प्रयोगाची वर्षे गेली. पाठ्यपुस्तकात या सगळ्याला अर्धी ओळ मिळते.

एवढा खटाटोप ५२ किलोमीटरवरच का, याचे उत्तर न्यूट्रिनोच्या स्वभावात आहे. न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात आणि प्रवासात एका प्रकारातून दुसऱ्यात जाऊन परत येतात. याचा अर्थ त्यांना वस्तुमान आहे, आणि याच शोधासाठी २०१५ चे नोबेल ताकाकी काजिता आणि आर्थर मॅकडोनल्ड यांना मिळाले. अणुभट्टीतून निघालेले न्यूट्रिनो एकाच प्रकारचे असतात. त्यांच्या सर्वसाधारण ऊर्जेला पन्नासेक किलोमीटरवर त्यातले बहुतांश दुसऱ्या रूपात गेलेले असतात, आणि उरलेल्यांच्या ऊर्जेच्या आलेखावर बारीक लाटा उमटतात. त्या लाटांच्या नक्षीत एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर लपले आहे: तीन वस्तुमानांपैकी सर्वांत हलके कोणते? जूनोने २६ ऑगस्ट २०२५ पासून नोंदी घ्यायला सुरुवात केली आणि सुमारे दोन महिन्यांच्या नोंदींवरूनच, न्यूट्रिनोच्या रूपबदलाचे दोन महत्त्वाचे आकडे तोवरच्या सगळ्या प्रयोगांपेक्षा अधिक काटेकोरपणे दिले. मुख्य प्रश्नाला मात्र अनेक वर्षांच्या नोंदी लागतील.

हे चीनमध्ये घडले, म्हणून भारताला ते जमण्यासारखे नव्हते असे समजण्याचे कारण नाही. या क्षेत्रातला एक पहिला मान भारताच्या नावावर आहे आणि त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. या संस्थेच्या बी. व्ही. श्रीकांतन यांनी १९५१ पासून कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत म्यूऑन मोजायला सुरुवात केली. खोल जावे तसे म्यूऑन कमी होत गेले, आणि तळाशी ते जवळजवळ संपले. म्यूऑन नाहीत म्हणजे कचरा नाही, मग इथे न्यूट्रिनो दिसायला हवेत, हा विचार त्यातून पुढे आला. १९६५ मध्ये टाटा संस्था, जपानचे ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ यांच्या गटाने जमिनीखाली दोन किलोमीटरहून जास्त खोल, चमकणारे प्लॅस्टिक आणि निऑनच्या नळ्या लावून, वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो टिपला. राइन्स यांचा गट दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत तेच करत होता. दोघांचे निबंध एकाच महिन्यात प्रसिद्ध झाले, कोलारचा काही दिवस आधी. पुढे १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडेने याच वातावरणीय न्यूट्रिनोंवरून रूपबदल सिद्ध केला. कोलारच्या डिटेक्टरला तेवढे न्यूट्रिनो मिळणे शक्यच नव्हते, तो लहान होता. तेव्हा तोंडचा घास गेला वगैरे म्हणण्यात अर्थ नाही. पण जागा होती, माणसे होती, हात बसलेला होता. खाण २००१ मध्ये बंद झाली आणि भारताकडे खोल प्रयोगशाळाच उरली नाही.

तिची जागा घ्यायला आखलेल्या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची कथा जूनोच्या शेजारी ठेवून वाचावी. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यातल्या या प्रकल्पाला सुमारे १५०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्याच महिन्यात जूनोच्या बांधकामाची कुदळ पडली. दोघांचा मुख्य प्रश्नही एकच होता, वस्तुमानांच्या क्रमाचा, वाटा वेगळ्या. थेनीला ५० हजार टन चुंबकित लोखंडाच्या थरांमध्ये काचेचे हजारो डिटेक्टर बसायचे होते: खिडकीला लावतो तशा काचेच्या दोन तावदानांमध्ये दोन मिलिमीटरची फट, तिच्यात वायू, आणि काचांवर सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब. कण गेला की फटीत बारीक ठिणगी, आणि बाहेरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर तिची नोंद. ही तावदाने मुंबईत आणि देशभरातल्या संस्थांत वर्षानुवर्षे घडवली, तपासली गेली. मदुराईला ८५ टनांचा छोटा नमुना २०१८ पासून चालतो आहे. मूळ प्रकल्प मात्र विरोधात आणि न्यायालयात अडकला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने परवानगी देणार नसल्याचे सर्वोच्च न्यायालयात सांगितले.

विज्ञानवाले या प्रकरणी लोकांच्या अज्ञानाला दोष देतात. तो निम्माच खरा आहे. न्यूट्रिनोमुळे किरणोत्सार होईल ही भीती निराधार होती, हे वरच्या हिशेबावरून दिसतेच. पण डोंगरात सुरुंग लावायचे, पाण्याचे झरे, जंगल, आणि आपल्याला विचारले का, हे प्रश्न निराधार नव्हते. पालघरच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्यांनी एका प्रकल्पाकडून आश्वासने ऐकली आहेत, ते दुसऱ्या प्रकल्पाच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाहीत, मग ते आकडे कितीही बरोबर असोत. आणि इथेही माझे म्हणणे डिटेक्टरपाशीच येते: जो समाज मोजमाप स्वतः करायला शिकलेला नसतो, त्याला मोजणाऱ्यावर आंधळा विश्वास ठेवावा लागतो किंवा आंधळा अविश्वास.

यावर रोकडा आक्षेप येतो तो उपयोगाचा. वसई-विरारला पाणी वेळेवर मिळत नाही, लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि तुम्ही न्यूट्रिनो मोजायच्या गोष्टी करता? प्रश्न रास्त आहे. त्याला ‘मूलभूत संशोधनाचे फळ कधीतरी मिळतेच’ असले मोघम उत्तर देऊ नये. ठोस उत्तर तुर्भ्याला आहे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १०० मेगावॅटची ‘ध्रुव’ भट्टी आहे, आणि तिच्या गाभ्यापासून १३ मीटरवर न्यूट्रिनो टिपण्यासाठी ‘इस्मरान’ हा डिटेक्टर आखला गेला: एक मीटर लांबीच्या चमकत्या प्लॅस्टिकच्या ९० कांड्या, प्रत्येकीभोवती न्यूट्रॉन शोषणाऱ्या गॅडोलिनियमचा लेप दिलेली पन्नी, एकूण वजन सुमारे एक टन. वसईत २० हजार टन लागतात आणि तिथे एक टन पुरतो, कारण १३ मीटरवर प्रवाह वसईच्या लाखोपट असतो. याचा उपयोग असा की न्यूट्रिनो लपवता येत नाही. भट्टी चालू आहे की बंद, किती शक्तीने चालते, इंधनात युरेनियमच्या जागी प्लुटोनियम किती जमले, हे भिंतीबाहेरून, भट्टीला हात न लावता कळू शकते. सोव्हिएत संघातल्या रोव्हनो इथल्या केंद्रावर १९८० च्या दशकात आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे इथे हे करून दाखवले आहे. अण्वस्त्रबंदीची तपासणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेला याच कारणाने या तंत्रात रस आहे.

दुसरे उत्तर ढगांतून आले. उटीला टाटा संस्थेचा ‘ग्रेप्स-३’ हा प्रयोग ५६० चौरस मीटर पसरलेल्या नळ्यांनी म्यूऑन मोजतो. १ डिसेंबर २०१४ रोजी एका गडगडाटी वादळाच्या वेळी म्यूऑनची संख्या काही मिनिटे घटली. त्या घटीवरून ढगातला विद्युतदाब काढला, तो निघाला सुमारे १३० कोटी व्होल्ट. ढगात एवढा दाब असू शकतो हे भाकीत १९२० च्या दशकापासून होते. विमाने आणि फुगे पाठवूनही ते सिद्ध झाले नव्हते, कारण ते ढगाच्या एका कोपऱ्यात मोजतात आणि म्यूऑन सगळा ढग भेदून येतात. ग्रेप्स-३ ची उभारणी वैश्विक किरणांसाठी झाली होती, वादळांसाठी नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: डिटेक्टर विकत घ्या, डोके सिद्धान्तात चालवा. आपल्याकडे हा विचार खोल मुरला आहे, आणि त्यात जातिव्यवस्थेचा वास येतो असे म्हटले तर कोणी रागावू नये. हाताने काम करणारा खालचा, फळ्यावर लिहिणारा वरचा. प्रत्यक्षात जूनोच्या मुख्य प्रकाशनळ्यांपैकी बहुसंख्य चीनने या प्रयोगासाठी स्वतः विकसित करून देशातच बनवल्या, उरलेल्या पाच हजार जपानकडून घेतल्या. प्रयोगाबरोबर एक उद्योग उभा राहिला. आणि फळ्यावर लिहिणाऱ्यांनाही डिटेक्टर टाळता येत नाही. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या रोहिणी गोडबोले या सिद्धान्ती कणशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठात असताना, १९९१ मध्ये, मानुएल ड्रीस यांच्यासह त्यांनी दाखवून दिले की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या भावी यंत्रांत कणांचे झोत एकमेकांजवळून जातानाच प्रकाशकण बाहेर टाकतील, त्यांच्या आपसातल्या टकरींतून नको असलेल्या कणांचा पाऊस पडेल आणि डिटेक्टर त्यात बुडेल. यंत्रांच्या आराखड्यांत याचा विचार करावा लागला. २०२४ मध्ये गोडबोले गेल्या तेव्हा महिला वैज्ञानिकांसाठी केलेल्या त्यांच्या कामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच. पण कचरा किती येईल याचा हा हिशेब त्यांच्या कीर्तीचा पाया होता, हे मराठीत फारसे सांगितले गेले नाही.

मग वसईत जूनो बांधावा काय? मुळीच नाही. तारापूरची शक्ती ग्वांगडाँगच्या त्या केंद्रांच्या जेमतेम सातव्या-आठव्या हिश्शाची, आणि वसईजवळ डोंगर म्हणाल तर तुंगारेश्वर, तो अभयारण्य आहे. तिथे बोगदा खणायची कल्पनाही नको. पण तारापूरच्या भट्टीपासून २५ मीटरवर न्यूट्रिनोचा प्रवाह ध्रुवजवळच्यापेक्षा चारपाच पट आहे, आणि तिथे एकदोन टनांचा डिटेक्टर ठेवायला बोगदा, जंगलतोड, विस्थापन काही लागत नाही. भट्टीच्या शक्तीची स्वतंत्र नोंद तिथून रोज घेता येईल. ती लोकांसमोर ठेवायची की नाही हा मात्र सरकारच्या धाडसाचा प्रश्न आहे.

आणि म्यूऑनला तर भट्टीही लागत नाही. चमकत्या प्लॅस्टिकचे दोन तुकडे, दोन प्रकाशसंवेदक आणि दोन्हींत एकाच क्षणी चमक झाली तरच मोजणारे साधे मंडल एवढ्यावर पदवीच्या प्रयोगशाळेत म्यूऑन मोजता येतो. हवेचा दाब वाढला की संख्या किंचित घटते, दाब उतरला की वाढते. पावसाळ्याच्या तोंडाशी कमी दाबाचे पट्टे किनाऱ्याकडे सरकतात तेव्हा हे वसईच्या गच्चीवरून दिसायला हवे. वसई-विरारच्या महाविद्यालयांतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना विनंती आहे: यंदाच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पांत एक गट या कामाला लावा, आणि यंत्र बाजारातून तयार न आणता मुलांकडून बांधून घ्या.